माय, मी पाऊस सांगत नव्हते

माय, तू गेलीस त्याला पुष्कळ वर्षं झाली, तरी साक्रीच्या बाजारात मी अजून पाऊस सांगणारी बाईच आहे. मागच्या खेपेला गेले तर तू विकायला बसायचीस त्या जागेवर आता मिरची विकणाऱ्या बाईनं मला ओळखलं आणि यंदा पाणी कसं आहे म्हणून विचारलं. हे सगळं तू करून ठेवलेलं. मी उपग्रहाच्या कामाला लागले एवढंच तुला सांगितलं होतं, त्याहून जास्त बोलायची मुभा नव्हती. पण पोरगी काय करते असं गिऱ्हाइकं विचारायची, आणि उत्तर नाही असं तुझ्याकडे कधी झालं नाही. उपग्रह म्हणजे टीव्हीवरचे ढग, म्हणजे पोरगी पाऊस सांगते, असं तू बाजारभर करून टाकलंस.

ती दिवाळी मला नीट आठवते. मी एसटीतून उतरून घरी येते, पिशवीही खाली ठेवलेली नाही, आणि ओट्यावर शेजारचे नाना बसलेले. त्यांची बाजरी कापणीला आलेली होती. मजूर मिळत होते, पण कापलेलं शेतात पडलं आणि वरून पाऊस आला तर कणसं काळी पडतील ही भीती. कापू की थांबू, असं त्यांनी मला विचारलं. तू दारात उभी राहून माझ्याकडे अशी बघत होतीस, जणू पेपर सोपा आला आहे. मी मागच्या अंगणात गेले आणि जळगावच्या कॉलेजातल्या मैत्रिणीला फोन लावला. तिथे मेहरूण भागात आम्ही एका खोलीत राहायचो, आणि ती खरोखर हवामानाच्या कामात होती. ती आधी पोट धरून हसली, मग नीट बघून म्हणाली, ढग येतायत, थांबायला सांग. मी बाहेर येऊन नानांना गंभीर चेहऱ्यानं थांबायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाऊस कोसळला. ऊन पडल्यावर नाना टोपलीभर सीताफळं घेऊन आले, आणि तू ती गल्लीभर वाटलीस, प्रत्येक फळाबरोबर माझी कीर्तीही.

त्या संध्याकाळी मी तुझ्यावर चिडले. एखाद्या वेळी चुकलं तर माणसाचं पीक जाईल, असं म्हणाले. तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "ते बठ्ठं खरं शे. मंग माले सांग, तू नेमकं काय करस?"

तोवर तू हे कधी विचारलं नव्हतंस. मी पेपरात छापून येतं तेवढंच सांगितलं. दूर कुठून कुणी क्षेपणास्त्र सोडलं, तर ते वर चढताना त्याच्या शेपटाशी मोठी आग असते. ती आग उपग्रहाला दिसते. मी तवा चुलीवरून उतरवून ठेवला आणि तुला वरून हात धरायला लावला. तवा लाल नव्हता, तरी धग लागत होती. उपग्रहाला अशी धग दिसते, म्हटलं. तू जरा विचार करून विचारलंस, आग विझल्यावर काय करता? माय, आमचं सगळं अवघड काम तिथूनच सुरू होतं. आग विझते, ते तसंच अंधारात पुढे जातं, गार होत जातं, आणि एका उपग्रहाच्या नजरेतून सुटायच्या आत दुसऱ्यानं ते धरायचं असतं. मग आम्ही पुढे कळवतो, म्हणजे ते वाटेत पाडता येतं, लोकांना आडोशाला जाता येतं.

"म्हणजे तू लोकेस्ले आवाज देस," तू म्हणालीस, आणि तवा परत चुलीवर ठेवलास. "मंग जोरमा दे. तुना आवाज बारीक शे."

आता मुद्द्याचं. परवा आमची चाचणी झाली. क्षेपणास्त्र आपलंच होतं, पण ते कधी आणि कुठून सुटणार हे आम्हाला मुद्दाम सांगितलेलं नव्हतं. सकाळपासून सगळे पडद्यासमोर. दुपारी एकदम दोन ठिपके उमटले. संगणकानं डावीकडच्या ठिपक्यावर खूण केली, कारण तोच जास्त झगझगीत होता. मला तो ढगाच्या कडेवर पडलेल्या उन्हासारखा वाटला. उजवीकडचा फिकट होता, पण जागेवरून हलल्यासारखा दिसला. चुकीच्या ठिपक्यामागे उपग्रह वळवले असते तर खरा निसटला असता, आणि आमची कित्येक वर्षांची मेहनत त्या दुपारी वाया गेली असती. आमच्या प्रमुख बाईंनी विचारलं, कोणता? मी म्हणाले, "उजवीकडचा." इतक्या जोरात म्हणाले की पलीकडच्या खोलीतली माणसं दारात आली.

उपग्रह उजवीकडच्या ठिपक्यामागे वळवले. मग आग विझली आणि ठिपका गेला. पडदा काळा. नंतर दुसऱ्या उपग्रहाच्या चित्रात, जिथे असायला हवा होता तिथेच, एक बारीकसा ठिपका पुढे सरकताना दिसला, आणि तो शेवटपर्यंत आमच्या हातून सुटला नाही. प्रमुख बाई, ज्यांना मी आजवर हसताना पाहिलं नव्हतं, त्यांनी मला धरून गोल फिरवलं. संध्याकाळी सगळ्यांनी जिलेबी खाल्ली, मी जरा जास्तच.

हे पत्र तुला पोचायचं नाही, आणि दुसऱ्या कुणाला दाखवण्याची सोय नाही. म्हणून एवढं लिहून टाकते. मी उजवीकडचा म्हणाले तेव्हा माझी पुरती खात्री झालेली नव्हती. ती बोलून झाल्यावर झाली. प्रमुख बाईंना हे मी अजून सांगितलेलं नाही.