तिसऱ्यांदा न विचारलेले शेत

लिहून ठेवणार: इंगवाल्ड ब्राटली, वय अठ्ठ्याहत्तर, स्थापत्य अभियांत्रिकीचा निवृत्त प्राध्यापक, राहणार नॉर्थ डकोटा. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत आणि दोन कप कॉफी पिऊन लिहीत आहे. प्रकृतीविषयी कोणी विचारले तर आमच्या इथल्या नॉर्वेजियन लोकांत "याहून वाईट असू शकली असती" एवढेच म्हणतात. डॉक्टरांनी फोटो दाखवले तेव्हा मीही तेच म्हणालो. ते म्हणाले, "नाही प्रोफेसर, याहून वाईट नसते." वसंतापर्यंत वेळ आहे असे त्यांचे मत पडले.

याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. एकही नव्हते, पण समोर बसलेल्या वकीलबाई कवाल्स्की म्हणतात की असे लिहावे लागते.

कलम १. पुस्तके विभागाला द्यावीत. धान्याच्या कोठ्या का कोसळतात हे मी चाळीस वर्षे शिकवले, तरी त्या कोसळतच राहिल्या. स्लाइड रूल, म्हणजे आकडेमोडीची जुनी सरकपट्टी, ज्याला वापरता येईल त्याला द्यावा. तसा कोणी न सापडल्यास माझ्याबरोबर पुरावा.

कलम २. डॉ. व्हिटकॉम्ब यांना माझी निळी ताटली, रिकामी. एकदा विभागाच्या बैठकीत तिच्यात एकच लेफ्सा उरली होती. बटाट्याच्या त्या पोळीचा शेवटचा तुकडा आमच्यात कोणी उचलत नाही. अर्धा कापून घ्यायचा, अर्धा ठेवायचा. आम्ही सगळे आळीपाळीने अर्धा करीत होतो आणि उरलेला तुकडा पोस्टाच्या तिकिटाएवढा झाला होता. व्हिटकॉम्ब बोस्टनचे. आले, "कुणी खात नाहीये वाटतं," म्हणाले आणि तोंडात टाकून मोकळे झाले. पुढे त्यांनाच विभागप्रमुख केले. तेव्हा मी काही बोललो नव्हतो, आता बोलत आहे.

कलम ३. माझा धाकटा भाऊ सेल्मर याच्या शेतावरची धान्याची कोठी मी आखून दिली होती. पहिल्याच हंगामात ती कलली. मला वाईट वाटू नये म्हणून सेल्मरने तिला ट्रॅक्टर टेकवून ठेवला आणि स्वतःसाठी दुसरा ट्रॅक्टर घेतला. दर नाताळात मी विचारायचो, "कोठी कशी आहे रे?"

"आहे की उभी."

"आणि ट्रॅक्टर तिथे का लावलायस?"

"सावलीला."

बाहेर गुडघाभर बर्फ असायचा. त्या कोठीवर मी प्रबंध लिहिला आणि त्याला बक्षीस मिळाले. ते बक्षीस मी ट्रॅक्टरला देतो. कवाल्स्कीबाईंच्या मते ट्रॅक्टर वारस होऊ शकत नाही. तसे असेल तर बक्षिसाची पाटी त्याच्या बॉनेटवर ठोकावी.

कलम ४. विद्यापीठाच्या फाटकासमोरचे हे राहते घर सेल्मरला. येथे आमची पद्धत नमूद करणे भाग आहे. कोणी काही देऊ केले तर दोनदा नको म्हणायचे आणि तिसऱ्यांदा "तुला त्रास होणार नसेल तर" असे म्हणून घ्यायचे. पहिल्यांदाच हो म्हणतो तो हावरट, तिसऱ्यांदाही नको म्हणतो तो उर्मट. सबब कवाल्स्कीबाईंनी सेल्मरकडे तीनदा जावे.

"एक पत्र पाठवते की," बाई म्हणाल्या.

"तो उलट टपाली नको म्हणून कळवेल."

"मग नको असेल त्यांना, प्रोफेसर!"

बाई, याच समजुतीपायी माझे आयुष्य भलतीकडे गेले.

मला शेत हवे होते. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही, त्यामुळे निदान कायदेशीर कागदावर असलेले बरे. बाबांनी विचारले, "इंगवाल्ड, शेत घेतोस?" मी म्हणालो, "नको बाबा, सेल्मर आहे ना." दुसऱ्या दिवशी दूध काढताना त्यांनी पुन्हा विचारले. "छे, माझं काय एवढं." तिसऱ्या दिवशी मी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसलो, पण बाबांनी विचारलेच नाही. मी कॉलेजात एक वर्ष काढले होते, आणि कॉलेजातली माणसे मनात असते तेच बोलतात असे त्यांना पाद्र्याने सांगितले होते. त्यांनी सेल्मरला विचारले, नीट, तीनदा. म्हणून मी प्राध्यापक झालो. निरोपसमारंभात लोकांनी माझ्या विद्येच्या ओढीवर भाषणे केली.

गेल्या महिन्यात इस्पितळाबाहेर गाडीची किल्ली शोधता शोधता सेल्मर म्हणाला, "मला खरं तर तुझ्यासारखं इंजिनिअर व्हायचं होतं. पण बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं. करतो काय?"

मी "हं" म्हणालो. घर येईपर्यंत आम्ही हवामानावर बोललो.

म्हणून हे घर. म्हाताऱ्या माणसाला इथे वर्गात फुकट बसू देतात, रस्ता ओलांडला की झाले. सेल्मरने पहिल्या बाकावर बसावे.

कलम ५. मला शेतावर मरायचे आहे, वरच्या पूर्वेकडच्या खोलीत. हे सेल्मरला सांगता येत नाही, कारण मी मागितले तर त्याला द्यावेच लागेल, आणि त्याच्या मनात नसताना घेतलेली खोली मला नको. तरी

कलम पाच येथे तुटले, कारण दार वाजले. सेल्मर उभा होता. त्याच्या हातात हॉटडिशचे झाकलेले भांडे होते, बटाटे आणि खिमा एकत्र भाजून करतात ते. तो बूटही न काढता पायपुसण्यावरूनच बोलला.

"पूर्वेकडची खोली रिकामीच पडलीय. पण तू कशाला येतोयस म्हणा हे सगळं सोडून."

"येतो," मी म्हणालो.

मी चर्चमध्ये शिट्टी मारल्यासारखा त्याचा चेहरा झाला. "अरे, नको म्हण ना!"

"नाही म्हणणार."

"मी अजून दोनदा विचारणार होतो. अख्ख्या रस्त्यात तेच घोकत आलोय."

"मग विचार की."

त्याने आणखी दोनदा विचारले. मी दोन्ही वेळा हो म्हणालो. मग तो जिन्याच्या पायरीवर बसून रडला, आणि मीही रडलो. कवाल्स्कीबाई हॉटडिश गरम करायच्या निमित्ताने आत गेल्या. घराचे सांगितले तेव्हा सेल्मर "नको, नको" म्हणाला. जरा वेळाने टोपी चाचपत त्याने विचारले, "पहिला तास किती वाजता असतो?"

सबब कलम ४ मी हयातीतच अमलात आणले असून कलम ५ खोडले आहे. सेल्मर मंगळवारी वर्गाला जातो आणि संध्याकाळी येऊन माझ्या खाटेवर बसून मला माझाच विषय समजावून सांगतो. चुकला तर मी तोंडावर सांगतो. इतका सुखात मी कधीच नव्हतो, हे या लेखाने जाहीर करतो.

सही: इंगवाल्ड ब्राटली

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष वरील सही झाली:
डेनिस कवाल्स्की, वकील
आर्डिस लोक्केन, शेजारीण

स्थळ: ब्राटलींचे शेत, वरची पूर्वेकडची खोली
दिनांक: २८ जानेवारी २०१४