समुद्राला कुलूप

शनिवार, २३ मे

समुद्र काय ह्यांच्या बापाचा आहे? कुलूप! गेल्या आठवड्यात लाटा मोठ्या होत्या म्हणून किनारा नि बाग बंद केली, पत्रे ठोकले. लाटा गेल्या. पत्रे तिथंच. उघडायचा हुकूम काढणारा साहेब बकरी ईदच्या सुट्टीवर, सरकारी ऑफिसं सगळी बंद. आमच्या गुहागरात समुद्राला दार लावून बघा म्हणावं — दारासकट बुडवतील!

आमच्या ह्यांच्या छातीत दोन जाळ्या बसवल्यात. डॉक्टर म्हणाला, रोज चाला. कुठं चालायचं? गल्लीत गाड्या, त्यात हे जेद्दाचं ऊन. अक्षय्य तृतीयेला कंपनीच्या साहेबानं इजाजत दिली, तेव्हापासून हे स्टोअरमधून चारला सुटून किनाऱ्यावर चालायचे. रंग सुधारला होता. गेल्या आठवड्यात दोनदा भर दुपारी घरी आले. ऊन लागलं म्हणे. एसीच्या स्टोअरमध्ये कसलं ऊन? विचारलं तर कूस बदलून झोपले.

रविवार, २४ मे

मी बागेच्या फाटकावर जाऊन भांडले. राखणदार हम्माद, म्हातारा. म्हटलं, "भाई, इजाजत दो." तो म्हणतो, "इजाजा, इजाजा." हसून मान पण डोलावतो. म्हटलं, दिलीस ना, मग उघड! तो परत, "इजाजा!" देतो पण, नि उघडत पण नाही!

शुक्रवारी मी पण ह्यांच्याबरोबर जायचे, म्हणून मला ओळखतो. कडुलिंबाखालचं बाकडं दाखवलं त्यानं, ह्यांची खूण केली, मग डबा खायची खूण केली. "कुल यौम." म्हणजे रोज. संध्याकाळचा कसला डबा? दुसऱ्या कुणाला तरी बघितलं असेल म्हाताऱ्यानं.

सोमवार, २५ मे

खाली राहतो तो शौकत ड्रायव्हर, हैदराबादचा. त्याला सांगितलं तर पोट धरून हसला. "भाभी, अरबी में इजाजा बोले तो छुट्टी! इजाजत नक्को समझो." म्हणजे मी परवानगी मागतेय, नि तो बापडा सुट्टी आहे सांगतोय!

घरी येऊन ह्यांना सांगितलं. वाटलं, हसतील. हसले नाहीत. तांब्या भरायला उठले. तांब्या भरलेलाच होता.

मंगळवार, २६ मे

जिन्यात चालवलं ह्यांना. दुसऱ्या मजल्यावर छाती धरून खाली बसले. "काही नाही ग." काही नाही कसं? हाताला धरून वर आणलं.

बुधवार, २७ मे

ईद. पोरं नवे कपडे घालून पत्र्याच्या फटीतून समुद्र बघतायत. मी पण डोळा लावला. बाकडं रिकामं.

गुरुवार, २८ मे

भांडी घासताना आठवलं नि हात थांबला. अक्षय्य तृतीयेला दारात चपला काढताना हे म्हणाले होते, "आजपासून इजाजा." इजाजत नाही — इजाजा! त्याला 'त' मीच लावला. वर देवापुढं साखर ठेवली! म्हटलं, बरं झालं, चारला सुटायचं नि फिरायला जायचं.

म्हणजे कंपनीनं सुट्टीवर बसवलं होतं, नोकरीवर जातच नव्हते. मी सकाळी डबा भरतेय, नि हे तो कडुलिंबाखाली बसून खातायत. किनारा बंद झाला तेव्हा कुठं बसले असतील उन्हात, देव जाणे. आता नोकरी नाही तर इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना नाही. इकामा नाही तर विमा नाही. छाती दाखवायची कुणाला?

सरळ विचारलं. भिंतीकडं बघून म्हणाले, "सांगितलं होतं की ग, पहिल्याच दिवशी. तू साखर ठेवलीस. मग परत कसं सांगू?"

"परत बोलावणारेत का?"

"बघू."

शुक्रवार, २९ मे

बघू नाही, सांगितलं ह्यांना! सोमवारी फाटक उघडतंय, शौकतनं सांगितलं. म्हणजे परत त्या बाकड्यावर जाऊन बसायला मोकळे! ते चालायचं नाही. कंपनीला फोन करा, व्हिसा देणाऱ्या त्या कफीलचे पाय धरा, काय करायचं ते करा. रविवारी दिवेलागणीच्या आत मला उत्तर पाहिजे — सोमवारी कामावरचा डबा भरू, की गुहागरला परतायचं सामान बांधू?