तोकड्या फळ्या

प्रिय बंधुराज,

तुझ्या टेम्पोवाल्यानं बाबांना आणि त्यांच्या सामानाला एकाच फेरीत माझ्या दारात उतरवलं, त्याला उद्या तीन आठवडे होतील. सोबत तुझी चिठ्ठी होती, ‘ताई, आमच्याकडे जागाच उरली नाही गं.’ चार खोल्यांत जागा उरली नाही, म्हणून माझ्या दीड खोलीत पाठवलंस. धन्य आहे तुझी. बाबा बरे आहेत. नजर जवळजवळ गेली आहे, उजेड-अंधार तेवढा कळतो. माणूस आवाजावरून ओळखतात. तुझी आठवण रोज काढतात.

सामान ठेवायचं कुठं, हा प्रश्न होता. पलंगाखाली माझी भांडी, पलंगावर बाबा आणि दारात त्यांची ती हत्यारांची लांबलचक पेटी, येता-जाता नडगी फोडणारी. शेवटी ठरवलं, पलंगाच्या डोक्याशी भिंतीत जो कोनाडा आहे तिथं फळ्या ठोकायच्या. सुतार बोलवावा असं मनात आलं आणि माझं मलाच हसू आलं. सुताराची मुलगी मी. सव्वीस वर्षं औषधाच्या दुकानात उभी राहून गोळ्यांची पाकिटं कापते, म्हणून काय झालं? पेटीतून बाबांची लाकडी पट्टी काढली. तीच, टोकाचा पहिला इंच पिचला म्हणून बाबांनी कापून टाकलेली. नवी घ्या म्हटलं की म्हणायचे, एक इंच लक्षात ठेवायचा, त्याला काय अक्कल लागते? पट्टीवर चौतीस दिसलं की खरं तेहतीस, हे आपण दोघं पाढ्यांच्या आधी शिकलो. म्हणजे मी शिकले.

कोनाडा मोजला. पट्टीवर चौतीस आले.

तो आकडा पाहिला आणि माझं काम तिथंच थांबलं. शिंपीकाकांचं कपाट आठवतंय ना? चांगल्या मुरलेल्या लाकडाच्या पाच फळ्या, पाचही इंचभर तोकड्या. बाबा बाहेर गेले होते. काकांनी खरे चौतीस इंच सांगितले होते, तू पट्टीवरचे चौतीस धरलेस; मोजलं तू, कापलं तू, मी पायरीवर बसून खुर्चीचे पाय घासत होते. बाबा आले तेव्हा तू, सतरा वर्षांचा घोडा, माझ्याकडे बोट दाखवून म्हणालास, माप ताईनं घेतलं. मी नाही म्हटलं तर बाबा म्हणाले, चूक झाली ती झाली, वर खोटं तरी बोलू नकोस. त्या दिवसापासून मला करवतीला हात लावू दिला नाही. कारखाना तुझा झाला, पुढं तू तो मोडून शोरूम थाटलंस. मी तुला केव्हाच माफ केलं असं घरात सगळे धरून चालतात. मला कुणी विचारलेलं नाही. मी माफ केलेलं नाही.

तर फळ्यांना लाकूड हवं होतं आणि पेटी वाटेत होतीच. ती तू केली होतीस, त्या प्रकारानंतर आठवड्याभरात, बाबांना खूश करायला. तळाला आतून जाड कागद चिकटवलेला. पेटी सुटी करायची म्हणून मी तो खरवडला. खाली तेहतीस इंचांच्या तीन फळ्या निघाल्या, आणि मधल्या फळीवर पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘शिंपी, कपाट, ३४, पाच नग.’ खाली तुझी लफ्फेदार सही, दोन रेघा ओढलेली. त्या वर्षी तू सहीचा सराव करायचास, माझ्या वह्याही सोडल्या नव्हत्यास. चोराच्या मनात चांदणं, म्हणून कागद लावलास. दोनदा रंधा फिरवला असतास तर काही उरलं नसतं, पण आळस तुझा जन्माचा सोबती.

शिंपीकाकांकडे न बसलेल्या फळ्या माझ्या कोनाड्यात चपखल बसल्या. बाबा शेजारी गप्पांना जाऊन बसत तेवढ्या वेळातच काम करायचे; दोन रविवार गेले, अंगठ्याचं एक नखही गेलं. कडा तासल्या, वरची बाजू गुळगुळीत केली. ती मधली फळी सगळ्यात खाली घेतली, लिहिलेली बाजू जमिनीकडे, बाबांच्या उशीच्या बरोबर वर. त्या बाजूला रंधा लावला नाही. बाबांनी उठून बसून हात वर केला, कडेवरून बोटं फिरवली, कोपरे चाचपले. म्हणाले, ‘पोराचा हात बसला हो आता. कधी येऊन गेला?’ मी मोरीत जाऊन रडले. रागानं रडले, उगाच दुसरं काही समजू नकोस.

मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. माझ्या तोंडून ऐकलं तर म्हणतील, सव्वीस वर्षांनी पुन्हा तेच खोटं. शेजारचे मास्तर वाचून दाखवायला एका पायावर तयार आहेत, पण मला ते नकोत. बाबा जगात एकाच माणसाच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. म्हणून हे पत्र. येत्या रविवारी सकाळी ये. तू येणार हे मी त्यांना सांगून टाकलंय, त्यांनी धुतलेला सदरा आत्तापासून उशाशी काढून ठेवलाय, तेव्हा टाळू नकोस. त्यांच्या शेजारी बस, मान वर कर आणि फळीवर आहे ते मोठ्यानं वाच, सहीसकट. मग ती फळी कुणी बसवली तेही सांग. आकडा वाचताना गडबडू नकोस, पट्टी मी त्यांच्या हातात देऊन ठेवणार आहे.

तुझीच (दुसरी कुठून आणणार तू),
ताई