चुलीमागची जागा

प्रिय अँब्रोज,

ज्याच्या नजरेबाहेर एक चिमणीही जमिनीवर पडत नाही, त्या दयाघनाची कृपा तुझ्या मिटत चाललेल्या डोळ्यांवर असो. आणि आज जे लिहायचे आहे ते लिहिण्याचे बळही त्यानेच मला द्यावे.

गावाबाहेरचा, रोमन लोकांच्या काळातला जुना रस्ता रुंद करणार आहेत. लग्नानंतर आपण सायकली टेकवून बसायचो, ते बार्लीचे शेत त्यात जाते आहे. तिथे खणताना रस्त्याकडेला त्याच काळातल्या एका घराचा पाया लागला: अरुंद, लांबट, पुढे दुकान, मागे चूल. मला लॅटिन येते म्हणून मोठ्या आदराने बोलावले. वाचण्याजोगे एक अक्षर निघाले नाही, तेव्हा दात घासायचा ब्रश हाती देऊन खापऱ्या धुवायला बसवले. खोदकामाचा प्रमुख गॅरेथ दिवसभर त्या घरधन्याची चेष्टा करतो. "बाई, यांनी जगाला सरळ रस्ते दिले म्हणतात, आणि या शहाण्याला चार हात भिंत सरळ बांधता आली नाही!" माझ्या शेजारी खापऱ्या धुणारी डिलिस ही निवृत्त सुईण, तोंडाने फटकळ. "तुझं बरंय, एनिड," म्हणते, "देवाचं वाचायचं नाहीतर मेलेल्यांचं. जित्या माणसांची कटकटच नाही."

गेल्या आठवड्यात चुलीमागच्या भिंतीशी नळीचे एक कौल पालथे घातलेले निघाले. गॅरेथने ते अलगद उचलले. खाली नवजात बाळ होते, हाडे काड्यांसारखी. असे पुष्कळ घरांत सापडते, तो म्हणाला. मोठी माणसे वस्तीबाहेर पुरायची असा त्यांचा दंडक. पण इतकी तान्ही घरातच, भिंतीकडेला ठेवत. का, ते नक्की कोणाला ठाऊक नाही. मी मात्र त्या चुलीकडे पाहत राहिले. त्या आईने रोज तिथेच पाव भाजले असतील, बाळापासून हाताच्या अंतरावर.

आपले बाळ रडलेच नाही. नर्सने कापडात गुंडाळून नेले आणि दार लागले. तुम्ही तरुण आहात, दुसरे होईल, एवढेच आपल्याला सांगितले गेले. कुठे नेले हे विचारायची त्या काळी रीत नव्हती. पवित्र शास्त्रातला तो राजा लेकरू आजारी असताना उपाशी पडून राहिला, आणि ते गेल्यावर उठला, न्हाला, जेवला. तूही उठलास. त्यासाठी मी तुला दोष दिला असे तू मानत आलास, तसे नव्हते. मला ताटावर बसवत नव्हते, इतकेच. मग घरे वेगळी झाली, आणि मी त्या रुग्णालयाच्या आसपासच्या प्रत्येक दफनभूमीत आपल्या बाळाची जागा शोधत राहिले.

त्या कौलाकडे पाहत डिलिस म्हणाली, "रोमन बरे म्हणायचे गं. आमच्याकडची न रडलेली पोरं तळघरात जायची. त्या दिवशी जे कोणी म्हातारंकोतारं पुरायचं असेल, त्याच्या शवपेटीत पायाशी ठेवून द्यायचे. ना त्याच्या घरच्यांना पत्ता, ना पोराच्या आईला." मी विचारले, कोणत्या रुग्णालयात? तिने नेमके तेच नाव घेतले, जिथे तुझे-माझे बाळ जन्मले. कोणाच्या पेटीत, ते कोणी लिहून ठेवत असेल ना? "कसलं लिहिणं! पेटी बंद, विषय बंद." मग तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. हातातली खापरी पाण्यात सुटली. "एनिड... तुझं होतं का गं?"

मी उठून गॅरेथकडे गेले. हे एक तरी इथेच राहू दे म्हणाले. त्याने टोपी काढली. "बाई, माझ्या हातात असतं तर आत्ताच झाकलं असतं. पण नियमानं ते संग्रहालयाच्या गोदामात जातं. आणि इथं ठेवून तरी काय? सोमवारी रस्त्याची यंत्रं येतात." मी खड्ड्याच्या कडेला उभी राहिले. सारी स्तोत्रे मुखोद्गत, पण एकही ओठांवर येईना.

काल तुझ्या पुतणीचा, टॅम्सिनचा, फोन आला. डॉक्टरांनी हात टेकले आहेत आणि तुझी एकच इच्छा आहे म्हणाली: मला बाळाजवळ ठेवा, एनिडला जागा सापडली असेल. म्हणून हे पत्र. जागा नाही, अँब्रोज. आपले मूल कोणा अनोळखी माणसाच्या पायाशी निजले आहे आणि त्या माणसाचे नाव आता कोणालाही कळणार नाही. मला शोधायला काही उरले नाही, तुला जायला काही उरले नाही. एखादी खोटी जागा दाखवता आली असती. तुला ती दिसली नसती. पण तुझ्याशी ते माझ्याने होत नाही. तुला जिथे ठेवतील तिथे मी येईन, यापलीकडे माझ्यापाशी देण्याजोगे काही नाही. टॅम्सिन, पोरी, हे तुलाच वाचून दाखवावे लागेल. आवाज अडला तर अडू दे, घाई करू नकोस. हे वाचणाऱ्या आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपले माणूस कुठे आहे ते ठाऊक असो. आणि ज्यांना कधीच कळणार नाही, त्यांना प्रभू आपल्या उराशी धरो.

तुझीच,
एनिड