पानमळ्यातलं निळं पाणी

आबा, आज मिरजेजवळ एका पानमळ्यात शिरताना सवयीनं चपला बाहेर काढल्या. मळ्याचा मालक तरुण आहे. आता एवढं कोण पाळतंय, म्हणून हसला. मग घरी येऊन तुम्हाला लिहायला बसलो.

शेतकी कॉलेजात जायचं मी बोललो, तेव्हा तुम्ही चुलीपुढं जेवत होता. लढाई चालली होती, काका पलटणीत होते, आणि मीही भरती व्हावं, नाहीतर वकील तरी व्हावं, असं सगळ्यांचं मत. "शेती शिकाय पुण्याला कशाला जातूस रं? मळा हाय की घरचा," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "झाडं कशानं मरत्यात ते शिकायचंय." तुम्ही ताटातच हात धुतलात. "मग बिगीनं शिकून ये. हितं येल मराय लागल्यात."

खरंच मरत होते. दुसऱ्या वर्षीच्या सुटीत मी मोरचुदाचे निळे खडे घेऊन आलो, तोवर निम्मा मळा पिवळा पडला होता. बुडाशी वेल कुजवणारी ती बुरशी मी कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. मोरचूद आणि चुन्याचं पाणी मुळाशी ओतलं की ती आवरते, हे शिकलो होतो. मळ्यात कुणाला चप्पल घालू न देणारे तुम्ही त्या निळ्या पाण्याकडं बघत उभे राहिलात. "देवाला जात्यात ही पानं. इख न्हाई न्हवं ह्ये?" "न्हाई, आबा." मग पहिली घागर तुम्हीच उचललीत.

गेलेले वेल गेले, पण उरलेले तगले, कोवळी पानं फुटली. तेवढ्यात गावभर झालं, पोरानं मळ्यात इख वतलं. आपला माल वर्षानुवर्षं नेणारे तांबोळीचाचा बांधावर अवघडून उभे. "आबा, माल झ्याक हाय. पन गिऱ्हाईक भ्यालंय. न्हेऊ कसा?"

पान पिकवायचं, खायचं नाही, हा तुमचा जन्माचा नेम. त्या दिवशी तुम्ही औषध घातलेल्या वेलाचं पान खुडलंत, धोतराला पुसलंत आणि चुना-कात काही न लावता अख्खं तोंडात घातलंत. डोळ्यांतून पाणी आलं. "लय तिखाट हाय," तुम्ही म्हणालात, "पर मेल्यागत काय वाटंना." चाचा हसत सुटले. त्यांनीही एक पान खुडून खाल्लं आणि माल उचलला.

पुढं शेतीखात्यात माझी सगळी नोकरी आजारी पिकांतच गेली: हळद, ऊस, ज्वारी. शेतकरी औषधाला बिचकला की मी त्याला तुमची ही गोष्ट सांगायचो, आणि बहुतेक वेळा तो ऐकायचा.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून तुम्हाला कधी न सांगितलेलं लिहितो. औषध मुळाशी घातलंय, पानाला त्याचा थेंब लागलेला नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. परीक्षेत लिहून पासही झालो होतो. तरी पान खाल्लंत त्या दुपारी तुम्ही जेवून घोंगड्यावर आडवे झालात आणि मी सोप्यातल्या खांबाला टेकून बसून राहिलो. आईनं दोनदा हाक मारली. तुम्ही घोरायला लागलात, तेव्हाच उठलो.