कोणी बोलावलं?

ताई, दुरूनच तुझ्या पाया पडतो.

मी ठणठणीत आहे. सध्या कर्णबधिरांच्या क्लबची जमीन दुरुस्त करतोय. पहिल्या सभासदांनी क्लब बांधताना ती मुद्दाम लाकडी ठेवली. पाय आपटला की थरथर पोचते, तीच इथली हाक.

रखवालदारकाकाही कर्णबधिरच. हल्ली सारखे मागे वळून खुणेने विचारतात, "कोणी बोलावलं?" बोलावलेलं नसतं कोणीच. शेवटी मी फळी उचलली, तर खालच्या तुळईला ताजी चीर. शेजारी पाया खणतायत.

चिटणीस म्हणाले, "मिस्त्री, उद्याचा वर्धापनदिन उरकू दे." उद्या सगळे मिळून पाय आपटणार, पहिल्यापासूनची रीत आहे.

ओळंबा लावून टेकू मी स्वतः दिलाय, तेव्हा घोर लावून घेऊ नकोस. भाचीचा खोकला थांबला का?

काका आत्ता पुन्हा वळले. या वेळी फळीची थरथर मलाही जाणवली.

तुझा धाकटा