अँटेनाच्या रकान्यात काय लिहू?

रविवार, १२ नोव्हेंबर १९९५, वाशी

चैन पडत नाहीये. पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यातून रोज सुटल्यावर तीन महिने खपून मी साबणाच्या डबीत एका वॅटचा रेडिओ ट्रान्समीटर बसवला. आज पहिल्यांदा त्याला उत्तर आलं, शेजारच्या रिसीव्हरवर: नेरूळच्या देसाईकाकांचं, माझ्यासारख्याच हौशी रेडिओवाल्याचं, मोर्सच्या कट्ट-कडकट्टमध्ये. लगेच त्यांचा फोनही आला. "बारीक येतोस, पण स्वच्छ! आता संपर्क झाल्याचं रीतसर कार्ड पाठव. अँटेना कुठली, ते नीट लिही हं."

मी हवेत. तेवढ्यात खिडकीपाशी सुनंदा म्हणाली, "अहो, गच्चीवरून आणलेली ही तार नुसतीच लोंबतेय. कुठे जोडायची नव्हती का?"

अँटेना जोडलीच नव्हती! तिच्या जागी टेस्टिंगला लावलेला टॉर्चचा बल्ब तसाच. मेसेज पाठवताना तो लुकलुकत होता आणि मी गाढव खूश होत होतो.

मग काकांनी ऐकलं ते काय? बल्ब? कार्डावर तारच लिहावी का? ती ताणताना गुडघे फोडून घेतलेत. कुणाला कळणार आहे? चारदा पेन उचललं, चारदा ठेवलं.

सुनंदा म्हणाली, "बल्बनं नेरूळ गाठलं, यात लाज कसली?"

शेवटी लिहिलं. अँटेना: टॉर्चचा बल्ब.

उद्या तार जोडणार. पण तार जोडल्यावर काकांना काही ऐकूच आलं नाही तर?